चाळीस हजार आभार

आमची कंपनी हॉस्पिटलच्या खाटांची चाकं बनवते आणि कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. त्यामुळे सोमवारी आमची सगळी पत्रं परत यायला लागली, तेव्हा मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "एक तास द्या, साहेब."

"गुरुवारपर्यंत हॉस्पिटलला नव्या चाकाचं ड्रॉइंग पोचलं पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर ऑर्डर गेली."

झालं होतं असं, की फालतू मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची एक काळी यादी असते. त्या यादीत नाव आलं की तुमचं पत्र कोणी दारात उभं करत नाही. आमचं नाव त्यात झळकत होतं.

नाव काढायचा अर्ज सोपा होता. 'कारण शोधून दुरुस्त केले आहे' यापुढे खूण करायची. असल्या चौकोनांत मी वाचण्याआधीच खूण करतो. अर्ध्या तासात नाव निघालं. मी मालकांच्या केबिनमध्ये बसून ऐटीत चहा प्यायलो.

जेवणाच्या सुट्टीनंतर नाव पुन्हा यादीत. पुन्हा अर्ज, पुन्हा खूण. मंगळवारी तिसऱ्यांदा गेलो, तर उत्तर आलं: आता सात दिवस विनंती करू नये.

शेवटी लाज गिळून मेहुण्याला फोन केला. तो याच धंद्यातला, शिवाय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"भाऊजी, कारण शोधलंत का?"

"हो, तसं म्हटलंय अर्जात."

"म्हटलंय की शोधलंय?"

त्याने मला बाहेर गेलेल्या पत्रांची नोंद उघडायला लावली. आठवडाभरात चाळीस हजार पत्रं, आणि सगळ्यांत एकच मजकूर: 'आपले पत्र मिळाले, आभारी आहोत. आपल्याशी संवाद साधताना आम्हाला मनःपूर्वक आनंद होतो.'

मजकूर माझाच होता. येणाऱ्या प्रत्येक मेलला आपोआप उत्तर जावं, अशी सोय मी मागच्या आठवड्यात केली होती आणि सौजन्य म्हणून वर मिरवलीही होती. पण फालतू मेल पाठवणारे स्वतःच्या जागी भलत्याच कोणाचे पत्ते घालतात, आणि आमचं उत्तर त्या पत्त्यांवर जायचं. त्यामुळे ज्यांनी आम्हाला जन्मात पत्र लिहिलं नव्हतं, अशा हजारो भल्या माणसांचे आम्ही दिवसरात्र आभार मानत होतो.

बायकोला हे तिच्या भावाकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, "घरात तीनदा हाक मारली तरी 'ओ' येत नाही."

मी ते आपोआप उत्तर बंद केलं. पण सात दिवस काही चुकत नव्हते. गुरुवारी ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून दोन बस बदलत मी स्वतः हॉस्पिटलात गेलो. तिथल्या स्टोअरच्या बाईंनी कागद टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि विचारलं, "एवढ्यासाठी माणूस पाठवला? मेल केला असता."

"प्रत्यक्ष भेटीची मजा वेगळी," मी म्हणालो.

ऑर्डर मिळाली. आठव्या दिवशी, या वेळी खरोखर खरं बोलून, मी अर्ज केला आणि नाव निघालं. मालकांना सांगायला धावलो.

"आता मेल जातील?" त्यांनी विचारलं.

"विनाअडथळा, साहेब."

त्यांनी लगेच एक मेल लिहिला. बाहेरच्या एका कंपनीला होता: आमच्या मेलचं काम उद्यापासून तुम्ही बघा. माहितीसाठी एक प्रत मला.

मी नोंद तपासली. दोन सेकंदांत पोचला होता.