टेबलावरच्या थापांची चौकशी

प्रशिक्षण केंद्राच्या कागदी पाकिटं बनवण्याच्या विभागात एक गंभीर बाब निदर्शनास आली. ऑटिझम असलेली, फारसं न बोलणारी, दोघी बहिणींतली सव्वीस वर्षांची धाकटी रोज अकराच्या सुमारास कान दाबून ओरडायची आणि टेबलावर थापा मारायची. एरवी तिच्याइतकी सरळ घडी कुणाला जमत नसे. पण तसा रकाना वर्तन-नोंदीच्या फॉर्ममध्ये नव्हता.

"तिला काहीतरी सहन होत नाहीये," तिची थोरली बहीण म्हणाली. "अकराला इथे काय होतं?"

"ताई, कारण आम्ही शोधू," वर्तनतज्ज्ञ मायेने म्हणाले. "तुम्ही फक्त सही करा."

उपचार सुरू झाले. गप्प राहिली की चिकटवायची एक चमकती चांदणी बक्षीस. धाकटीने पहिली चांदणी नीट सोलून तज्ज्ञांच्या खिशावर चिकटवली आणि पुन्हा ओरडली. नोंद झाली : 'बक्षिसाचा अवमान'. दुसऱ्या दिवशी तिने उठून एक्झॉस्ट फॅनचं बटण बंद केलं आणि निमूट कामाला बसली. नोंद : 'केंद्राच्या मालमत्तेशी छेडछाड'. फॅन पुन्हा लावून बटणावर तत्काळ पुठ्ठा ठोकण्यात आला. त्या संध्याकाळी धाकटीच्या मनगटावर तिच्याच दातांचे वण दिसले.

दुसऱ्या दिवशी बहिणीने धाकटीला व्हरांड्यात बसवलं आणि आत जाऊन तज्ज्ञांना ठणकावलं, "आज तिच्या जागेवर तुम्ही बसा. तासभर."

संचालिकाबाई, तज्ज्ञ आणि लेखनिक अशी पाहणी समिती बसली. अकराला फॅन लागला. त्याचं कोरडं बेअरिंग किंचाळू लागलं. दहाव्या मिनिटाला संचालिकाबाई विनाकारण लेखनिकावर खेकसल्या. विसाव्या मिनिटाला तज्ज्ञांनी फाईल आपटली. लेखनिक तर कान दाबून बाहेरच पळाला आणि येताना वीजमिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने बेअरिंगमध्ये दोन थेंब तेल सोडलं, किंचाळणं थांबलं.

धाकटी आत आली. मान वाकडी करून तिने फॅनकडे पाहिलं, मग पाकीट पुढे ओढलं. बहिणीने डोळे पुसले.

अहवाल लगेच तयार झाला : 'समितीच्या उपस्थितीमुळे वर्तनात लक्षणीय सुधारणा.'

बहिणीने तो दोनदा वाचला. "आणि तुमचं खेकसणं, आपटणं, पळणं? त्याची नोंद कुठेय?"

तज्ज्ञांना तिची कीव आली. "अहो ताई, ते वर्तन नव्हे. आम्हाला खरंच त्रास होत होता!"