इतरमध्ये टाकलेल्या सासवा

शिकलेल्या सुनेला सगळं येतं, फक्त मान कुणाला द्यावा तेवढं येत नाही, असं गोदावरीबाईंचं मत पक्कं झालं होतं. पीएचडी करणाऱ्या त्यांच्या सुनेनं, उत्कर्षानं, भवानी पेठेतल्या सुनांना विचारलं होतं, घरात शेवटचा शब्द कुणाचा? आलेल्या उत्तरांचे तिनं गट पाडले : नवरा, सून, दोघं मिळून. आणि निम्म्या बायकांनी जिचं नाव घेतलं ती सासू? ती टाकली 'इतर'मध्ये!

"इतर म्हंजे? मी काय भाडेकरू हाय व्हय गं?"

तिच्या सरांनाही ते पटलं नाही. म्हणाले, सासूचा वेगळा गट करा, आणि सगळी उत्तरं दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा गटांत टाकून घ्या. दोघांचं जुळलं तरच प्रबंधाचं हे प्रकरण पुढं, नाहीतर पीएचडी लांबली.

"दुसरं कुणी कशाला? मी हाय की." गोदावरीबाईंनी पदर खोचला.

उत्कर्षा नावं झाकून वाचू लागली. "'आमचे हे म्हणतील तसं.'"

"ही अंबुबाईची पूनम. नवरा तिच्यापुढं तोंड उघडत न्हाय. लिही, सून."

"आई, तिनं नवरा म्हटलंय."

"खोटं बोलली ती!"

"बरं. 'सासूबाईंना विचारल्याशिवाय काही होत नाही.'"

"गुरम्माची सून. गुरम्माला कोण विचारतंय? लिही, नवरा."

संध्याकाळ झाली तरी एक उत्तर जुळेना. उत्कर्षा रडकुंडीला आली. पुढचा कागद तर तिनं बघताक्षणी खाली सरकवला.

"लपवतीस काय? वाच."

"'ठरवतात सासूबाईच. पण काय ठरवायचं, ते मी आदल्या दिवशी सुचवून ठेवते.'"

गोदावरीबाई खो खो हसल्या. "कुणाची गं ही? वळखू येईना. लई तयारीची हाय. आन् सासू पार भोळी! लिही, सून."

"मीही सूनच लिहिलंय! आई, बाई ओळखू आली नाही की तुमचं जुळतंय. आता सगळ्याच अनोळखी धरा."

धरल्या. मग भराभर जुळत गेलं आणि प्रकरण सरांकडं रवानाही झालं.

"पण ती भोळी सासू कुठल्या गल्लीतली?"

उत्कर्षाचे कान लाल झाले. "प्रश्न नीट आहेत का बघायला आधी मीच एक कागद भरला होता. काढायचा राहिला."

गोदावरीबाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पीएचडी हुणार तू, माझी खात्री पटली. आता उद्या कालवण कशाचं ते आत्ताच सुचवून ठिव. सकाळी मी ठरवीन."