उजव्या हातातील चमकेबाबत

माझी सून गोपिका नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात टंकलेखन करते. गेल्या पोळ्यापासून तिच्या मानेतून निघालेली कळ उजव्या हाताच्या करंगळीपर्यंत जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे. तीन आठवडे टायपिंग बंद, नाहीतर बोटं बधिर होतील. आमच्या काळी हात मोडला की तो गळ्यात बांधायचे आणि अख्खा मोहल्ला चौकशीला यायचा. नसेच्या दुखण्याची पंचाईत अशी की ते दिसत नाही.

सर्व अर्ज शुद्ध मराठीत करावेत, असे परिपत्रक होते. गोपिकाने लिहिले, 'विषय: उजव्या हातातील चमकेबाबत. टंकलेखन करताना माझ्या उजव्या हातात वारंवार चमक निघते. सबब, तीन आठवड्यांसाठी माझा वेगळा विचार व्हावा.'

आवक शाखेचे चंपतराव फक्त विषय वाचतात. मजकूर वाचणे हे वरच्यांचे काम, आणि वरचे चंपतरावांचा शेरा वाचतात. त्यांनी शेरा मारला, 'गुणगौरव समितीकडे.'

गोपिका धावत गेली.

"चंपतराव, चमक म्हणजे दुखणं हो."

"चमक निघते, हे तुम्हीच लिहिलं ना मॅडम?"

"लिहिलं."

"मंग काहून घाबरून राहिल्या? बाईमाणसानं स्वतःची तारीफ लिहून दिलेली मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहून राहिलो."

"माझा अर्ज परत द्या."

"नोंद झाली. आता गौरव नाकारल्याचा वेगळा अर्ज द्या. टाईप करून, तीन प्रतींत."

तिने तोही टाईप केला. 'विनय' या गुणाचा पुरावा म्हणून तो मूळ फाइलला जोडण्यात आला.

चमक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शिफारस करणे नियमात बसत नव्हते. म्हणून समितीच्या तीन सदस्यांसमोर गोपिकाला पन्नास पानी अहवाल टाईप करायला बसवले. सतराव्या पानावर चमक निघाली आणि ती "आई गं" म्हणून कळवळली. समितीने नोंदवले, 'कामाच्या ऐन भरातही मातेचे स्मरण.' शिफारस एकमताने झाली.

सत्काराला मी पहिल्या रांगेत होते. साहेबांनी चांगले तीन किलोंचे पितळी स्मृतिचिन्ह पुढे केले. गोपिकाने डावा हात पुढे केला. सभागृहात कुजबुज झाली. डाव्या हाताने का कोणी मान घेतं? मी खालूनच म्हटलं, "उजवा वं, उजवा." तिने उजवा केला. डोळ्यांत पाणी आलं. सूत्रसंचालक म्हणाले, आनंदाश्रू.

मग साहेबांनी जाहीर केले की अशा हाताकडे एकच टेबल ठेवणे हा हाताचा अपमान आहे. आणखी दोन टेबलांचे टायपिंग तिच्याकडे देण्यात येत आहे. अर्जातले तीन आठवडेही ते विसरले नाहीत. म्हणाले, "सुरुवातीला तीनच आठवडे."

ऑटोत गोपिका म्हणाली, "आई, तुम्हाले तर माहीत होतं ना दुखते म्हणून?"

"माहीत होतं वं. पण चारचौघांत बरं दिसते का?"

यावर ती इतकी हसली की ऑटोवाल्याने वळून पाहिलं.

घरी सावनेरचे पाहुणे अभिनंदनाला येऊन बसले होते. माझा मुलगा सौरव म्हणाला, "आई, आज पुरणपोळी पाहिजे. आणि तिच्या हातची."

मी सुनेची बाजू घेतली. सगळ्यांदेखत ठणकावून सांगितलं, "तिले दुखून राहिलं. कोणी तिले त्रास देऊ नका. डाळ मी शिजवते."

वाटायला मात्र तिलाच हाक मारली. तिच्याइतकं बारीक पुरण आमच्या घरात कोणाला जमत नाही.

हसा, मीही हसले, पोळी खाताना. पण हे वाचता वाचता तुम्ही आत हाक मारून चहा सांगितला असेल आणि तो अजून आला नसेल, तर दुसऱ्यांदा हाक मारू नका. उठा, आत जाऊन बघा.