गभणे सिस्टर आणि त्यांची पपई

अन्याय झाला तो गभणे सिस्टरांवर. परवा, सोमवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, आंबेघाटावर, सगळ्यांच्या देखत ग्रामपंचायतीच्या शिपायाने त्यांची नाव साखळी लावून ओढत नेली. मी तिथेच उभी होते. घड्याळ पाहून वेळ टिपून घेतली, कारण आमच्या कार्यकर्त्यांच्या मंचात मला सगळ्यात आधी तेच शिकवलं गेलं: पत्रकात ‘काही दिवसांपूर्वी’ असं लिहिणारा अर्धी लढाई तिथेच हरतो.

आता सिस्टर कोण ते सांगते. आंबेघाटावर आलात तर त्या तुम्हाला शोधून काढतीलच. पांढरी साडी, तिच्यावर नारिंगी लाइफ जाकीट, गळ्यात शिटी आणि हातात काळा मार्कर. पलीकडे जायच्या मोटरबोटीत तुम्ही पाय ठेवायच्या आत त्या तुम्हाला जाकीट चढवतात. मग दोन्ही खांद्यांना धरून ते गच्चकन वर ओढतात. हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं. पुन्हा पट्टे आवळायचे. सरकलं नाही तर तुमची डावी करंगळी पकडून नखावर काळी खूण करतात, पोलिओच्या डोसानंतर पोरांना करतात तशी. आणि लगेच मागे पाहून हाक मारतात, "पुढचा!"

मोठी मोठी माणसं हात मागे लपवतात. "अवो सिस्टर, सासरा झालो मी आता."

"मंग सुनेसमोर रडू नको. दुखणार नाही, हालू नको."

सिस्टर आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आसगावपासून अड्याळपर्यंत निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नाहीत. माणसाची ओळख त्या नावाने करून देत नाहीत, जन्माने करून देतात. "हा तुळशीराम. दोन दिवस मायले रडवून आला, आताही बोट कधी वेळेवर सोडत नाही." मोटरबोट चालवणारा तुळशीराम हे ऐकून सुकाणूकडे तोंड फिरवतो. माझ्याबद्दल त्या म्हणतात, "ही आपली पत्रकवाली. जल्मल्याबरोबर जे ओरडली, ते आजलोग थांबली नाही." यावर मी कधीच उत्तर दिलेलं नाही. ओरडूनच द्यावं लागलं असतं.

भंडारा जिल्ह्यात बंदर कुठून आलं, असं हसत विचारणारे नागपूरचे पाहुणे मला फार भेटतात. त्यांनी आंबेघाट पाहावा. धरणाचं पाणी मागे मागे सरकत दोन टेकड्यांच्या मधे शिरलं आणि तिथे एक खोलगट कोपरा तयार झाला. बाहेर वैनगंगेच्या उघड्या पाण्यावर वारा सुटला तरी इथे आत पान हलत नाही. म्हणून सगळे इथेच येतात. मासे धरणाऱ्यांचे डोंगे, जाळ्यांचे तरंगते डबे, तुळशीरामची मोटरबोट, सहलवाल्या ठेकेदाराची लाल स्पीडबोट, आणि दुपारी म्हशी. कोणी कुठून जावं याचा नियम नाही, सिग्नल नाही, हवालदार नाही. प्रशासन झोपलेलं आहे, हे मी आजवर चार पत्रकांत लिहिलं. प्रशासनाने चारही वाचली नाहीत.

आणि या गर्दीत रोज सकाळी सात वाजता, पाण्याला जेमतेम चार बोटं वर असलेल्या एका पिवळ्या प्लास्टिकच्या कयाकमध्ये बसून, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं डावं-उजवं मारत, त्रेसष्ट वर्षांच्या गभणे सिस्टर निघतात.

त्या कयाकला घाटावर सगळे पपई म्हणतात. आधीच्या एका ठेकेदाराने असल्या नावा आणल्या होत्या. धंदा बसला तसा तो निघून गेला आणि फुटलेली एक बाभळीखाली टाकून गेला. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. सिस्टरांनी कोंबड्यांना उठवलं आणि ती नाव बैलगाडीवर घालून अड्याळच्या बाजारात नेली, तुटक्या बादल्या जोडणाऱ्याकडे. तो म्हणाला, "बाई, मी बादली जोडतो. पाणी आत राहाव म्हणून. इथं तं पाणी बाहेर ठेवाचं हाय." सिस्टर म्हणाल्या, "भोक तेच, बापू. तू बुजव." त्याने तापल्या लोखंडाने एका निळ्या बादलीचा तुकडा वितळवून बसवला. पपईच्या पोटावरचा तो निळा डाग अजून आहे, आणि तिथून अजून थेंबही आत आलेला नाही.

वल्हवायला सिस्टरांना कोणी शिकवलं नाही. पण गर्दीच्या पाण्यात लहान नाव कशी जपायची याचं त्यांचं एक पूर्ण शास्त्र आहे, आणि ते सगळं प्रसूतीच्या खोलीतून आलेलं आहे. मी एकदा काठावर वही घेऊन बसले आणि विचारत सुटले.

"मोटरबोट आली तर?"

"ते पोटुशी बाई समज. पन्नास माणसं पोटात. तिले आपल्या पायाखालचं दिसते का? नाही दिसत. झटकन वळता येते का? नाही येत. मंग तिच्या पुढून काहून पळाचं? थांबाचं, जाऊ द्याचं, मागून निघाचं."

"आणि डोंगा?"

"जाळं पसरून बसला असन तं बाळंतीण. तिच्या आंगावरून जाऊ नये, तिले हलवू नये. लांबून जाव."

"स्पीडबोट?"

सिस्टरांनी लाल बोटीकडे पाहिलं. "दात येऊन राहिलेलं पोट्टं. जे दिसन ते चावते. त्याच्यावर रागवून फायदा नाही. त्यानं आपल्याले पाहिलं नाही असंच धरून चालाचं."

मला हे पटलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे चूक त्याची आणि बाजूला व्हायचं आपण?"

"हक्क तुझा हाय, बाई. पण पाण्यात बुडालेल्या माणसाचा हक्क घेऊन काय करतं?"

हे वाक्य मी पत्रकात घातलं नाही. आमच्या भूमिकेला बाधा आली असती.

पण माझं कुतूहल वाढत गेलं. स्पीडबोटीच्या लाटा आल्या की त्या पळत नाहीत. पपईचं नाक लाटेकडे वळवतात आणि वर-खाली होत बसून राहतात, एखाद्या रडणाऱ्या पोराला मांडीवर घेतल्यासारखं. बोटींच्या वाटेतून तिरपं कधी जात नाहीत, दोन्हीकडे पाहून सरळ समोरचा काठ गाठतात. वल्हं उभं धरून हलवलं की ‘मी इथे आहे’, तीन शिट्या म्हणजे ‘थांबा’. निघताना काठावर जो दिसेल त्याला सांगतात, "साडेआठले येते. नाही आली तं तुळशीरामले सांग." मग तो माणूस शहापूरला लग्नाला निघालेला असला तरी चालेल.

एकच गोष्ट कळत नव्हती. त्या जातात कुठे? कोपऱ्याला एक पूर्ण फेरी, पलीकडच्या काठाला टेकणं, परत. तिथे काहीच नाही, नुसता मुरूम आणि बेशरमाची झुडपं. विचारलं की म्हणायच्या, "राऊंडले."

आता रविवारचा प्रकार. धानकापणीचे दिवस. तुळशीरामच्या बोटीत विळे घेतलेल्या बायका उभ्याने भरलेल्या. लाल स्पीडबोट पाहुण्यांना मजा दाखवायला त्या बोटीच्या नाकासमोरून वळायला निघाली. सिस्टर पपईत बसून काठालगत होत्या. त्यांनी तीन शिट्या मारल्या, वल्हं उभं केलं, आणि घाटावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पायाळू! थांब बे!" स्पीडबोटवाला पायाळू जन्मलेला. तो दचकला, त्याने बोट जागीच रोखली, उसळलेलं पाणी सगळं पाहुण्यांच्या अंगावर आलं आणि एकाचा मोबाईल वैनगंगेला मिळाला. कापणीच्या बायका सुखरूप पलीकडे उतरल्या. आणि संध्याकाळी ठेकेदाराने तक्रार केली ती कोणाविरुद्ध? सिस्टरांविरुद्ध! ‘जलवाहतुकीस अडथळा.’ सोमवारी पपई जप्त.

मी रात्रीतून पत्रक तयार केलं. मथळा: ‘जीव वाचवणे हा गुन्हा आहे काय?’ मंगळवारी सकाळी वीसेक माणसं घेऊन पंचायतीत शिरले. सिस्टर मागे, जाकीट घालूनच. ग्रामसेवकांसमोर मी पत्रक उभ्याने वाचून दाखवलं, ठेकेदाराचे लागेबांधे काढले, लोकशाही काढली. मग ग्रामसेवकांनी टेबलाखालून एक तक्ता काढला. जुन्या लसीकरणाच्या पोस्टरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सिस्टरांच्या अक्षरात पाण्यात जाण्याचे नियम होते. घाटावर त्यांनी लावला होता तो हाच.

"पहिला नियम तुम्हीच वाचा न मॅडम."

मी वाचला. ‘एकट्याने पाण्यात जायचे नाही. सोबत माणूस हवाच.’

"सिस्टर दोन वर्षं झाले एकट्याच जातात," ग्रामसेवक म्हणाले. "उद्या काही झालं तं तुम्हीच माझ्या नावानं पत्रक काढान. जोडीदार आणा, पपई घेऊन जा. रोज दोघं. एवढंच आहे आपलं."

"ही अट म्हणजे मागच्या दाराने केलेली बंदी आहे!" मी टेबलावर हात आपटला आणि पाठिंब्यासाठी सिस्टरांकडे वळले. त्या जाकिटाचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"बरोबर हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "चूक माझीच हाय."

वीस माणसं घेऊन आलेल्या कार्यकर्तीची इतकी फजिती कोणी केली नसेल. माणसं पांगली. शिपायाने कोठाराचं कुलूप काढलं आणि मी व सिस्टर आत गेलो. पपई सिमेंटच्या पोत्यांशेजारी पडली होती. दोन वर्षं मी तिला काठावरून पाहत होते. एवढ्या जवळून पहिल्यांदाच. पुढच्या भागात सिस्टरांची पिशवी, दोरी, पाण्याची बाटली, एक जास्तीचं जाकीट आणि वल्हं. सिस्टरांनी ते एकेक उचलून बाहेर ठेवलं, आणि खाली पाठ टेकायला आधार असलेली दुसरी जागा निघाली.

"ही दोघांची नाव आहे?"

"हव."

"मग पुढची जागा कोणाची?"

"जो बसन त्याची." त्या पदराने तिच्यावरची धूळ पुसत होत्या. "तुळशीरामच्या बायकोले विचारलं. ते म्हणते, मले घोर लागते. पोस्टातल्या मावशीले विचारलं. तुले तं चारदा विचारलं."

विचारलं होतं. ‘काय पाहून राहिली वरून, बस न खाली येऊन.’ मला ते बोलण्याची पद्धत वाटली. चारही वेळा मी घड्याळ पाहिलं. एकदा मीटिंग, एकदा आसगावला सभा, दोनदा काय सांगितलं ते आठवतही नाही. खरं कारण एकच: मला पोहता येत नाही.

"पण सिस्टर, नियम माहीत असताना एकट्या कशाला जात होता? ही राऊंड कशासाठी?"

त्या पोत्यावर बसल्या.

"नोकरीत होती तं रात्रंदिवस दार वाजे. सिस्टर चाला, सिस्टर पाहा. आता कोणी येत नाही. चांगलंच हाय, सगळे धडधाकट हायेत. पण घरी बसली तं दिवसभर एक शब्द कानावर पडत नाही, बाई. पाण्यात गेली का सगळे मले आवाज देतात. ‘सिस्टर, बाजूले व्हा! सिस्टर, जाळं हाय!’" त्या थोडं हसल्या. "ओरडतात का होईना. नाव घेऊन ओरडतात."

मी वही बंद केली. मग ते जास्तीचं जाकीट उचललं आणि घातलं.

अर्ध्या तासाने मी पपईच्या पुढच्या जागेवर होते. दोन्ही हातांनी वल्हं इतकं घट्ट धरलं होतं की ते मारणं शक्यच नव्हतं. मागून सिस्टर: "हालू नको. नाही, हाल! हात तं हालव न!" मोटरबोट आली, थांबलो, जाऊ दिली, तिच्या मागून निघालो. लाटा आल्या, नाक त्यांच्याकडे केलं, वर-खाली होत बसून राहिलो. मधोमध पोचलो तेव्हा बोटीतून तुळशीराम ओरडला, "सिस्टर, कोणाले बसवलं?"

"पत्रकवालीले!" सिस्टर इतक्या आनंदाने ओरडल्या की दोन डोंगेवाल्यांनी मान वर केली. पुढची सगळी फेरी त्या बोलत होत्या. ही टेकडी कोणाची, तो डोंगा कोणाचा, कोणाची तिसरी मुलगी कशी निळी पडली होती आणि मग कशी रडली. मी तोंडातून एक शब्द काढला नाही. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

ग्रामसेवकांची अट रोजची आहे. जोडीदार नाही तर पपई कोठारात. मी मंगळवार आणि शुक्रवार घेतले. बाकीच्या दिवशी मला खरोखरच काम असतं. म्हणजे पाच सकाळी अजून मोकळ्या आहेत. पोहता येत नसेल तरी चालतं, जाकीट सिस्टर घालून देतील. सहानुभूती नको, सही नको, पाठिंब्याचं पत्र तर नकोच नको. सात ते साडेआठ, आंबेघाट. तुमचा वार कोणता, ते आत्ता सांगा.