शेवंताबाईचा भाचा

"ओळखपत्र?" आकाराम सुभेदारांनी स्कूटर अडवून विचारलं.

"आवो सुभेदार, मी मालक! पगार कोण देतंय तुमास्नी?"

"त्येच तर सिद्ध करायचं हाय, मालक."

२००३ साल होतं. सयाजीरावांची शिरोलीतली फौंड्री लष्करी गाड्यांचे सुटे भाग ओतायची. आता नकाशे कॉम्प्युटरवर येणार, म्हणून लष्कराच्या खरेदी खात्यानं अट घातली: तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पुण्यात कॉम्प्युटरच्या धोक्यांचं शिक्षण द्या. हे पद गेटवरच्या सुभेदारांकडेच होतं. फौजेत हयात घालवलेला हा शाहूवाडीचा गडी पुण्याला गेला, माउस धरायला शिकला आणि परत आला तो कुणालाच ओळखेनासा झाला.

त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे देव्हाराच. त्याच्यापुरता एसी, दाराबाहेर चपला, खंडेनवमीला मॉनिटरला हळदकुंकू. सुभेदारांनी या देवाला सोवळंच घातलं. इंटरनेटची वायर काढून स्वतःच्या जेवणाच्या डब्यात ठेवली. सगळ्यांच्या फ्लॉप्या जप्त केल्या. त्यात हिशेबनीस गुंडूआण्णांच्या मुलीची पत्रिकाही गेली आणि एक चांगलं स्थळ हातचं सुटलं. प्रिंटर बिघडला, तर दुरुस्तीवाल्याला गेटवरूनच हाकललं. मालाची चलनं पुन्हा कार्बन घालून हातानं सुरू झाली.

सयाजीराव हे सगळं चालवून घेत होते, कारण पुण्याहून इशारा आला होता: महिन्याभरात एक माणूस वेश बदलून येईल आणि आपली सीडी त्या कॉम्प्युटरात घालायला बघेल. घातली, की काम गेलं.

"काम गेलं तर सुभेदार, तुमी आन मी दोघं शाहूवाडीत भात लावायला."

एका दुपारी पाठीला बॅग लावलेला तरणा पोरगा गेटवर आला. "मी सूरज. प्रिंटर दुरुस्तीला आलोय."

ओळखपत्र उलटसुलट पाहून झालं. खात्री करायला सुभेदारांनी फोन उचलला.

"मामा, बोली शाहूवाडीकडची वाटतीया."

"व्हय की. तुमी कुठलं?"

"आजऱ्याचा. पर आत्या तुमच्याकडंच दिलीया. शेवंताबाई."

"रेशन दुकानवाल्यांची? आरं, ती आमच्या मंडळीच्या माहेरची!"

फोन खाली गेला. पुण्यात अनोळखी माणसाला अडवायला शिकवलं होतं. नात्यातल्याला अडवायला शिकवेल असा मास्तर कोल्हापुरात तरी मिळाला नसता.

"चला, दावतो कॉम्प्युटर," म्हणत सुभेदार निघाले आणि अर्ध्यात थबकले. दुपारची वेळ. घरचा माणूस उपाशीपोटी कामाला लावायचा? "आदी जेवान."

फौंड्रीमागच्या क्वार्टरमध्ये बयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ताट वाढलं. भाकरी, तांबडा रस्सा, खरडा.

"शेवंता तुझी सख्खी आत्या?"

"व्हय, सख्खीच."

"म्हंजी तुझा बा तिचा भाऊ."

"व्हय की मामी." पोरानं भाकरी मोडली.

"आरं, तिच्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला भाऊ न्हवता म्हणून आमचा दादा हुबा केलता. नुसत्या भणीभणीच त्या. मग तुझा बा आला कुठनं?"

सुभेदार उठून दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांची हाकाटी ऐकून सयाजीराव धावत आले. पोरानं बॅगेतून सीडी काढली, पुण्याचं पत्र काढलं आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर चौकशी करून आत्या जमवल्याचं कबूल केलं.

"पर मामा, गेटवर तुमी नापास. मला आत घेतलासा."

सयाजीरावांनी डोळे मिटले. त्यांना भाताचे वाफे दिसत असावेत. सुभेदारांचा चेहरा मात्र संचलनातला.

"घेतला न्हाय. फुडल्या तपासणीला धाडला."

"सुक्कं वाढू का रं?" बयाबाई म्हणाल्या. "आन लगीन झालंय का तुझं?"

अहवालात लिहून आलं: 'येथे तपासणी दोन टप्प्यांत होते. दुसरा टप्पा ओलांडणे अशक्य.' काम टिकलं.

पुढच्या वैशाखात सूरजचं लग्न झालं, शेवंताबाईच्याच मुलीशी. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तो सासूला आत्या म्हणू लागला. गेटवर मारलेली थाप बयाबाईंनी अशी वर्षाच्या आत खरी करून घेतली.

आता त्या गेटवर बोट टेकवायचं यंत्र आहे. क्वार्टर पाडून तिथं गाड्या लावतात. सूरज अजून तपासणीला येतो. बोट टेकवतो, हिरवा दिवा लागतो, दार उघडतं. गाव कुठलं म्हणून कुणी विचारत नाही.

जेवणाचा डबा तो घरूनच आणतो.