सत्तर गुणांची अट

मिक्सर कसा धुवावा, यावरचा ब्लॉग साहेबांनी तिसऱ्यांदा परत पाठवला तेव्हा लेखिकेने कपाळाला हात लावला. मिक्सरच्या कंपनीत सहा महिने ती तात्पुरती राबत होती. नोकरी कायम झाल्याचं पत्र आज निघायचं होतं आणि त्याला साहेबांची अट एकच: लेखन किती सोपं आहे ते मोजणाऱ्या प्रोग्रॅमने ब्लॉगला सत्तर गुण द्यायला हवेत. प्रोग्रॅम बावीसवर अडून बसला होता.

“साहेब, माझ्या आईनं वाचला. तिला सगळं कळलं.”

“आईचे गुण आपण धरत नाही. एकशे दहा शब्दांचं वाक्य आहे म्हणतोय तो.”

असलं वाक्य तिने जन्मात लिहिलं नव्हतं. बरीच शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. धुण्याची कृती तिने ठिपके देऊन एकाखाली एक लिहिली होती. प्रोग्रॅमला ठिपके दिसतच नव्हते; तेरा ओळी, वर मथळा, सगळं जोडून त्याने मालगाडी केली होती. तिने निमूटपणे ओळीओळीला पूर्णविराम दिला. अठ्ठावन्न.

“आता तो तक्ता,” साहेब म्हणाले. “त्याचंही वाक्यच केलंय त्यानं.”

“अहो, कुठलं भांडं कशानं घासायचं ते त्यातच आहे!”

“काढा.”

तक्ता गेला. चौसष्ट. सावधगिरीच्या सूचना आणि कृतीतल्या दहा ओळीही गेल्या. एक्काहत्तर. उरलं ते इतकंच: मिक्सर घ्या. धुवा. वाळवा.

“बघा, कसं सुटसुटीत झालं!” साहेब खूश झाले. “आता तुमचं पत्र. सही करणारच होतो, पण म्हटलं आधी तपासावं. अकरा गुण हो! आपल्याच लोकांनी अटींची यादी घातलीय. असलं पत्र माझ्या सहीनं जायचं नाही. तुम्हीच सुधारून आणा, तुमचा हात बसलाय आता.”

हातातोंडाशी आलेली नोकरी लांबते की काय! ती घाईघाईने खुर्चीवर बसली आणि यादी वाचू लागली. वाचता वाचता तिची घाई ओसरली.

नुसते पूर्णविराम दिले असते तरी भागलं असतं. तिने त्यांना हातही लावला नाही. शनिवारी यायची अट काढली. तीस. बदलीची अट काढली. बावन्न. कारण न देता कामावरून काढण्याची अट काढताना तिला मनापासून आनंद झाला. शेवटी पगारातल्या कपातीचा तक्ताही गेला.

साहेबांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला. शंभर.

“वा! याला म्हणतात लेखन,” म्हणत त्यांनी सही ठोकली. पत्र त्यांनी वाचलं नाही. पैकीच्या पैकी गुण असताना वाचायचं कशाला?