कोयनेलचा पोळा

आमच्या आतोबांच्या कमरेला कात्री असे. आता माळ्याच्या कमरेला कात्री असणारच, त्यात नवल ते काय. पण आतोबा तिच्यासकट लग्नाला जात, मयतीला जात आणि समोरच्या माणसाचं जे काही वाजवीपेक्षा वाढलेलं दिसेल ते कापून टाकत. बोलता बोलता हात कमरेला जाई. "थांब जरासा, सुटलं हाय," एवढं म्हणेपर्यंत समोरच्याच्या मिशीचं टोक नाहीतर सदऱ्याचा दोरा खाली पडलेला असे. माझ्या काकाच्या लग्नात भर मंगलाष्टकांत त्यांनी नवरदेवाच्या बाशिंगाची झालर एका अंगाला लांब आहे म्हणून नीट केली. मग दुसरं अंग लांब वाटलं. दोन्ही अंगं सारखी होईपर्यंत झालर निम्मी उरली. आतोबा हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्यानं करीत की नवरीकडच्यांना वाटलं, वरपक्षाची ही काहीतरी रीत असेल.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, किसनजी. अमरावतीला कॅम्पातल्या सरकारी बागेत ते हेडमाळी होते. आम्ही अकोल्याचे, जठारपेठेत राहणारे. वडील शाळेत मास्तर झाले होते, तरी घराणं दोन्हीकडचं माळ्यांचंच, वांग्या-शेवंतीत वाढलेलं. त्या काळी वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले आणि बागेत काय लावायचं हे कुणीतरी साहेब ठरवी. साहेब बदलला की फुलं बदलत. पण विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात कुणाचं फारसं लक्ष नसे, आणि तिथे आतोबांनी बारा वर्षं खपून पाच जनावरं उभी केली होती.

कुंपणाला लावतात ना, ती कोयनेल. तिचीच जनावरं. तारेचा सांगाडा करून त्यावर ती वाढवायची आणि कात्रीनं अंग आणायचं. एक पंखांचा बैल होता. एका घोड्याला हत्तीचं तोंड होतं. एक दोन डोक्यांचं हरीण होतं, ज्याची दोन्ही तोंडं एकमेकांवर रुसलेली दिसत. एका माशाला माणसासारख्या मिशा होत्या. पाचवा सिंह. सिंह आतोबांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्याला एका जुन्या तहसीलदाराचा चेहरा दिला होता असं लोक म्हणत. "असं जनावर असते का कुठी?" म्हणून कुणी विचारलं तर आतोबा म्हणत, "नसते, म्हनून तं केलं. असते ते देवानं केलं हाय."

आतोबा-आत्याला मूल नव्हतं. ही गोष्ट आमच्या घरात कुणी उघड बोलत नसे, आणि आत्या तर मुळीच नाही. ती फक्त त्या जनावरांवर तोंडसुख घेई. "घरातलं छप्पर गळून राहिलं अन् हे माशाच्या मिशा कोरून राहिले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. बारा वर्षांत ती विहिरीपलीकडे एकदाही गेली नव्हती.

मी दहा वर्षांची असतानाच्या श्रावणात आतोबांचा निरोप आला. नवे साहेब बाग पाहायला येणार, मागच्या कोपऱ्यात त्यांना गुलाबाचे वाफे हवे आहेत. जनावरं नीटनेटकी आणि देखणी दिसली तर राहतील, नाहीतर उपटायची. येऊन एकदा पाहून जा. वडिलांनी रजा काढली आणि आम्ही तिघं, आई, वडील आणि मी, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो.

जाऊन पाहतो तो जनावरं ओळखू येईनात. आठ दिवस झड लागली होती. पावसानं कोयनेल अशी माजली होती की हत्तीच्या सोंडेला दाढी आली होती आणि सिंहाचा तहसीलदार जाऊन नुसता बुवा झाला होता. ओल्या फांदीला कात्री लावली की ती काळी पडते, म्हणून आतोबा आठ दिवस हात बांधून बसलेले. त्या दिवशी मात्र ऊन पडलं होतं. वडील म्हणाले, "बरं झालं, उद्या सकाळी उठून कापून टाका. साहेब चार वाजता येनार हाय ना?"

"उद्या पोळा हाय," आतोबा म्हणाले.

साहेबाच्या कचेरीनं इंग्रजी तारीख दिली होती. त्या दिवशी तिथी कोणती हे पाहायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, अगदी आतोबांच्यासुद्धा.

"मग आज कापा. अजून उजेड हाय."

"आज खांदमळणी हाय."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आतोबांच्या हातात खरोखरच लोण्याची वाटी होती. ते पळसाच्या पानानं पंखांच्या बैलाचे खांदे चोळू लागले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग घोड्याला, मग हरणाला. माशापाशी जरा अडले. मला म्हणाले, "याले खांदे नाई. गालाले लावतो."

वडिलांचा धीर सुटला. "भाऊजी, तुमी घरी निजून राहा. मी कापतो सकाळी. माळ्याचंच पोरगं हाय मी."

"मास्तर, पोळ्याच्या दिवशी तुमी बैलाच्या खांद्यावर जू ठेवता का?"

"हे बैल नाई, झाडं हाय!"

"एक तं बैल हाय ना? एकाले सुट्टी अन् चौघायले नाई, असं कसं जमन?"

वडील अंकगणित शिकवीत, पण हा हिशेब त्यांनी तिथेच सोडून दिला. लग्नमांडवात नवरदेवाला न सोडणारा हा माणूस स्वतःच्या बारा वर्षांच्या मेहनतीसाठी दोन तास कात्री चालवायला तयार नव्हता. मला तेव्हा त्यांचा भारी राग आला होता. अजूनही थोडा येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही जनावरांवर जुन्या लुगड्यांच्या झुली चढल्या. सिंहाच्या कपाळाला बेगड, हरणाच्या एका डोक्याला लाल गोंडा, दुसऱ्याला हिरवा. प्रत्येकासमोर पानावर पुरणपोळी. कॅम्पातली पाचपन्नास माणसं आपापल्या बैलांचा पोळा सोडून हा पोळा पाहायला आली. झुलीखालून कोयनेलच्या फांद्या हात हात बाहेर आलेल्या होत्या, पण खरं सांगते, मला ती जनावरं इतकी जिवंत कधी वाटली नव्हती.

साहेब चारला आला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढली, जनावरांभोवती दोनदा फिरला, पुरणपोळीवरच्या मुंग्या वाकून पाहिल्या आणि आपल्या हेडक्लार्कला काहीतरी विचारलं. हेडक्लार्क नागपूरकडचा, त्याला पोळा पक्का ठाऊक होता. पण साहेबाला समजावून सांगायची त्याला लाज वाटली असावी. तो नुसता मान हलवीत राहिला. आतोबा हात जोडून पुढे झाले.

"साहेब, आज या जनावरायची सुट्टी हाय. उद्या या. उद्या पाहाल तं वळखू नाई येनार, असे करून ठेवतो."

हेडक्लार्कनं यातलं किती सांगितलं देव जाणे. साहेबाला दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर निघायचं होतं. त्यानं घड्याळ पाहिलं, दोन शब्द बोलला आणि गेला. हेडक्लार्क थोडा मागे राहिला. "किसनजी, सोमवारी मजूर येतील. गुलाब लावायचे आहेत," असं तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

आतोबांनी "बरं," म्हटलं आणि हरणाचा ढिला झालेला गोंडा पुन्हा बांधला. घरी ते पोटभर जेवले. आत्यानं न विचारता त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

सकाळी उठून पाहिलं तर आतोबा घरात नव्हते. आम्ही बागेत गेलो. ते शिडीवर चढून बैलाचा पंख कापत होते. घोडा आणि हरीण झाले होते. दोन्ही कशी, नुकती न्हाऊन आल्यासारखी. एक पान इकडचं तिकडे नाही.

वडील खालून म्हणाले, "भाऊजी, सोमवारी उपटनारच हाय. आता काहून हात दुखवून राहिले?"

आतोबांनी कात्री थांबवली नाही. "पोरगी सासरी धाडाची असली तं तिची येनी-फनी करता का नाई? का झिपऱ्या घेऊनच धाडता?"

आई पदरानं डोळे पुसू लागली.

दुपारपर्यंत मासा झाला, मग सिंह. सिंहाची शेवटची मिशी राहिली होती तेव्हा विहिरीच्या बाजूनं आत्या येताना दिसली. डोक्यावर टोपली. बारा वर्षांत पहिल्यांदा ती त्या कोपऱ्यात आली. तिनं पाचही जनावरं एकेक करून नीट पाहिली. माशापाशी जरा जास्त वेळ थांबली. मग टोपली खाली ठेवली आणि बैलाच्या पायाशी बसून त्याला हळदकुंकू वाहिलं, तांदूळ घातले, नारळ ठेवला. ओटी भरतात तशी ओटी भरली. बैलाची, घोड्याची, सिंहाचीसुद्धा. ओटी कुणाची भरावी हे आमच्या आत्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावभरच्या लेकीसुनांच्या ओट्या तिनं भरल्या होत्या.

"नारळ पुरले का वं?" आतोबांनी शिडीवरून विचारलं.

"पाच हाय, पाच आनले," आत्या म्हणाली.

मग मात्र आतोबा शिडीवर बसल्या बसल्या रडले, लहान मुलासारखे, मोठ्यानं. त्यांच्या खांद्यांबरोबर शिडी हलू लागली. वडिलांनी पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली आणि ते खाली उतरेपर्यंत सोडली नाही.